खोकल्यासकट, हसण्यासकट

लहानू, ती बाई आजही हसली.

रेकॉर्डची दुसरी बाजू, शेवटून दुसरं गाणं. पियानोवाला थांबतो, बासचा तो मोठा उभा बाजा एकटाच वाजत राहतो आणि डावीकडच्या स्पीकरमधून ती बाई हसते. शेजारच्याने तिच्या कानात काहीतरी सांगितलं असणार. तू दर वेळी तिच्या अर्धा सेकंद आधी हसायचास आणि मग माझ्याकडे बघायचास, जणू तिला सांगणारा तूच. आज मी तुझ्या खुर्चीकडे बघितलं. हाताला तडा गेलेली ती प्लॅस्टिकची खुर्ची मी हलवलेली नाही. रविवार आहे, दुकानाचं शटर अर्धं खाली आहे, समोरच्या चहावाल्याने सवयीने दोन कप पाठवले. एक परत पाठवायचा मला धीर झाला नाही, म्हणून दोन्ही प्यायलो.

अख्ख्या डहाणू-तलासरीत जॅझ ऐकणारे आपण दोघेच होतो. आता मी एकटा आहे. हे वाक्य मी कोणाला सांगायला गेलो तर लोक हसतील आणि त्यांचं बरोबरच आहे. आगरचा एक लाउडस्पीकरवाला, लग्नाच्या मांडवात माइक लावणारा, आणि उधव्याच्या शाळेतला, दर रविवारी बसने डहाणूला येणारा एक मास्तर, सातासमुद्रापलीकडच्या एका तळघरातला गोंगाट ऐकत बसतात. तुझी सविता म्हणायची, "बाजारात जातो सांगून हा माणूस रिकामी पिशवी घेऊन परत येतो." तिला एकदा तू मुद्दाम दुकानात आणलंस, रेकॉर्ड लावली. तिने दहा मिनिटं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "सुरू कधी होणार?"

हे सगळं रुस्तमकाकांनी आपल्या गळ्यात घातलं. चिकूच्या वाडीतल्या त्या म्हाताऱ्या इराण्याचा रेकॉर्ड प्लेअर मी दुरुस्त करून दिला, तेव्हा तू सोबत होतास. काका तरुणपणी बोटीवर नोकरीला होते आणि वर्षभर त्या तळघराच्या शहरात राहिले होते. रस्त्यावरून एक अरुंद जिना खाली उतरतो, खाली छोटीशी खोली, कमी उजेड, खेटून टेबलं, आणि एका कोपऱ्यात वाजवणारे. कितीतरी थोर माणसं तिथं वाजवून गेली आणि पुढे त्या खोलीला देवळासारखा मान मिळाला. काकांकडे सात रेकॉर्डी होत्या, सातही त्याच खोलीत, लोकांच्या समोर, एका दमात घेतलेल्या. स्टुडिओतली एकही नाही. मी विचारलं, असं का? काका म्हणाले, "अरे डिकरा, स्टुडिओमदे काय असते? भिंती!"

आणि मग तो खोकला. चौथ्या रेकॉर्डमध्ये, हळू गाण्याच्या सुरुवातीला, कोणीतरी दोनदा खोकतं. काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "ए खोकला माझा हाय."

मी वाडीच्या फाटकापर्यंत कसंबसं हसू दाबलं. रस्त्याला लागल्यावर म्हणालो, म्हातारा थापा मारतो. तू म्हणालास, मारत नाही. मी म्हणालो, त्या शहरात लाखो माणसं, त्यातला खोकणारा नेमका डहाणूचा? तू म्हणालास, "कोणीतरी खोकला ना? मग तो कोणीतरी कुठला तरी असणारच. डहाणूचा का नको?" या एका खोकल्यावरून आपण पुढची किती वर्षं भांडलो. काकांनी जाताना रेकॉर्डींची पेटी तुझ्या नावाने ठेवली, माझ्या नाही, हे मला तेव्हा लागलं होतं, आज सांगतो. ते गेले त्या आठवड्यात तू दुकानात आलास, चौथी रेकॉर्ड लावलीस, खोकला येऊन गेला, तू सुई उचललीस. "आहेत," म्हणालास आणि बसने घरी गेलास.

तेव्हा मला कळायला हवं होतं. मला कळलं नाही, कारण माझा धंदा आडवा आला. माझं आयुष्य खरखर काढण्यात गेलंय, लहानू. माइक शिट्टी मारायला लागला की माझ्या अंगावर काटा येतो. मांडवात भटजींच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर मला ती माझी चूक वाटते. तुला मात्र नेमकं तेच हवं असायचं. ग्लास ठेवल्याचा आवाज, खुर्ची सरकवल्याचा आवाज, बास वाजत असताना मागे कोणाचं तरी चाललेलं घरगुती भांडण. मी म्हणायचो, एवढं चांगलं वाजतंय आणि या लोकांना गप्प बसवत नाही. तू म्हणायचास, "ते पण वाजवतायत." या वाक्याचा मला भयंकर राग यायचा. शिक्षकाला न शोभणारं, काहीही अर्थ नसलेलं वाक्य, असं मी तुला तोंडावर म्हणालो होतो.

तुझ्या बाचं तारपं रेकॉर्ड करायची कल्पना तुझीच. सॅक्सोफोनवाला श्वास कुठे घेतो ते कळत नाही, असं मी एकदा कौतुकाने म्हणालो आणि तू म्हणालास, "चल, घरी दाखवतो." तुझा बा गाल फुगवून, भोपळ्याचं ते लांबलचक तारपं छातीशी धरून, अर्धा तास न थांबता वाजवायचा आणि त्याचा श्वास कुठेही तुटायचा नाही. तू ठरवलंस की आपणही खळ्यावरच घ्यायचं, नाचणाऱ्या लोकांसकट. त्या तळघरातल्या काही रेकॉर्डी रविवारी दुपारच्या होत्या, म्हणून आपलीही रविवारी दुपारीच. कव्हरवर काय लिहायचं तेही तू आधीच ठरवून टाकलंस. त्या रेकॉर्डींवर खोलीचं नाव वाजवणाऱ्याच्या नावाएवढं मोठं असतं, तसं आपल्या खळ्याचं लिहायचं. तुझा बा म्हणाला, भात कापून खळ्यावर येऊ दे, त्याआधी तारप्याला हात लावायचा नाही. आपण थांबलो. मी त्या काळात नवा रेकॉर्डर घेतला आणि तो उशाशी घेऊन झोपायचो.

ती दुपार मला मिनिटामिनिटाने आठवते आणि नेमकं तेच माझ्याकडे नाही.

खळं शेणाने सारवलेलं, कडेला भाताच्या भाऱ्यांची उडवी. माणसं हातात हात गुंफून उभी राहिली. बाने सूर धरला आणि तो फिरायला लागला, रांग त्याच्यामागे. मी माझ्या पेटीवर बसलो, कानाला हेडफोन. ऊन नेमकं रेकॉर्डरच्या काचेवर आलं, आवाजाचा काटा दिसेना. म्हणून मी बसल्या जागी उलटा फिरलो, अंगाची सावली काचेवर पाडली आणि निवांत काम करायला लागलो. तारप्याला पाठ दाखवायची नसते. नाचणारे गोल फिरतात, वळसे घेतात, पण तारप्याकडे कोणाची पाठ होत नाही. तुमच्यातलं लहान मूलही हे न सांगता पाळतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. तुझी आई उडवीपाशी बसली होती. तिने तिथूनच हाक मारली, "ए पोरा, तारप्याला पाठ नको दावू!"

हेडफोनमधून ती हाक माझ्या डोक्यात अशी घुसली की मी पेटीवरून पडलो. खरोखर पडलो. रांगेतली माणसं हसली, आणि सगळ्यांत वर तुझं हसणं, ते तुझं घशातून फुटणारं, खिंकाळल्यासारखं. तू रांग सोडून आलास, माझे खांदे धरून मला तारप्याकडे वळवलंस आणि म्हणालास, "आता ऐक." बा या सगळ्यात थांबला नाही. त्याचा सूर जवळ येत होता, लांब जात होता, तुझ्या आईच्या हाकेवरून, तुझ्या हसण्यावरून चालत होता. सगळं रेकॉर्डरवर आलं होतं. एक कण सुटला नव्हता.

मी ते साफ केलं. दुकानात बसून आठवडाभर साफ केलं. खोकले काढले, कोंबडा काढला, पोरांचं रडणं काढलं. बा फिरत होता म्हणून आवाज कमी-जास्त होत होता, तो एकसारखा केला. आणि सगळ्यांत आधी काय काढलं असेल, तर तुझ्या आईची हाक, माझं पडणं आणि तुझं हसणं. तुला मी सांगितलं, तिथं फार खरखर होती. लहानू, तिथं एक तसूभरही खरखर नव्हती. मला लाज वाटली होती. आपल्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये साऊंडवाला पडतो आणि गाव हसतं, हे मला नको होतं. एवढंच.

तू ती सीडी दुकानात ऐकलीस. तू डोळे मिटून पूर्ण ऐकलीस आणि मग म्हणालास, "मोहन, बा चालत होता रे. तू त्याला खुर्चीवर बसवलंस." थोड्या वेळाने विचारलंस, "माणसं कुठं गेली?" मी चिडलो. एवढी मेहनत केली त्याचं काही नाही का, असं काहीतरी बोललो. तू म्हणालास, "मेहनत आहे. पण मला मूळचं दे." मी म्हणालो, देतो.

मूळचं त्याआधीच गेलं होतं. काम झालं की रेकॉर्डरचं कार्ड कोरं करायचं, ही माझी जुनी सवय. सीडी केली त्याच्या दुसऱ्या दिवशी एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी बोट दाबलं, कार्ड कोरं झालं, आणि तुझ्या खळ्यावर पोरांची भाषणं चढली. इतकी साधी गोष्ट. तू मागितलंस त्याच दिवशी सांगितली असती तर तू दोन रविवार आला नसतास आणि तिसऱ्या रविवारी आला असतास.

मी सांगितली नाही. बा गेला तेव्हा तू विचारलंस, मी म्हणालो, शोधतो. मग चार वर्षांपूर्वी तुझी आई गेली. त्या रविवारी तू खुर्चीत बसला नाहीस, उभ्यानेच बोललास. "आईचा आवाज कुठंच नाय रे. फोटोपण एकच, शिधापत्रिकेचा. त्या दिवशी तुला ओरडली होती ना, तेवढंच दे." मी म्हणालो, एका जुन्या हार्डडिस्कवर असेल, ती बिघडलीय, दुरुस्तीला दिलीय. हार्डडिस्क बिघडली नव्हती. अशी हार्डडिस्कच नव्हती. इतक्या सफाईने मी खोटं बोललो की मला स्वतःलाच ती डिस्क दिसायला लागली, काळी, कोपऱ्यावर चिकटपट्टी लावलेली.

त्यानंतर तू दर काही रविवारी विचारायचास. भांडून नाही, टोमणा मारून नाही. निघताना, शटरखालून वाकून बाहेर जाताना, सहज. "मिळालं का रे?" आणि मी, "बघतो." त्या शेवटच्या रविवारीही तू वाकलास, विचारलंस, मी वायर गुंडाळत होतो. मान वर न करता म्हणालो, "बघतो." बुधवारी तू भात कापायला गेलास, बांधावर जरा बसतो म्हणालास आणि बसलास तो बसलासच. इतक्या वर्षांत आपण एवढं बोललो, आणि मी तुला बोललेला शेवटचा शब्द खोटा आहे.

तुझ्या दिवसकार्याला मी उधव्याला आलो होतो. मांडवाखाली माणसं होती, मी एका बाजूला टेकून बसलो. सविता वहिनी चहा घेऊन आली आणि समोर बसली. म्हणाली, "भाऊ, फोनमध्ये मास्तरांचे फोटो हायत, पण आवाज नाय. तुमच्याकडं असेल ना? ते सांगायचे, खळ्यावरच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये आई ओरडते नि मी हसतो. मोहन शोधतोय म्हणायचे."

मोहन शोधतोय. तू घरीसुद्धा हे सांगितलं होतंस, विश्वासाने.

मी तिला सगळं सांगितलं. लाज, कार्ड, स्नेहसंमेलन, नसलेली हार्डडिस्क. माझं संपल्यावर तिने माझ्या हातातला कप घेतला. मी अजून प्यायलो नव्हतो. ती कप घेऊन आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. तलासरीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी रडलो. शेजारच्या बाईने आपली टोपली उचलून मांडीवर घेतली, मला जास्त जागा व्हावी म्हणून.

त्यानंतरचे रविवार मी मोजले नाहीत. रेकॉर्ड लावायचो आणि अर्ध्यात काढायचो. ग्लास वाजला की सांगायला कोणी नाही. कळलं का लहानू, "ते पण वाजवतायत" या तुझ्या वाक्याचा अर्थ मला कधी लागला? दुकानात मी एकटा बसून ती रेकॉर्ड ऐकत होतो, वाजवणारे सगळे वारलेले, त्या बाईचं काय झालं माहीत नाही, आणि तरी ती खोली भरलेली होती. माझीच खोली तेवढी रिकामी होती. आपण केलेली सीडी लावली तर ती माझ्या खोलीपेक्षाही रिकामी. बा एकटाच, खुर्चीवर बसून, कोणासाठीच वाजवत नसलेला. इतकी स्वच्छ रेकॉर्ड मी जन्मात दुसरी केली नाही.

दहा-बारा दिवसांपूर्वी तुझ्या चुलतभावाचा, सोन्याचा फोन आला. "दादा, भात खळ्यावर आलंय. रविवारी तारपं हाय. मशीन घेऊन ये." मी विचारलं, वहिनींना चालेल का? तो म्हणाला, "ये तू."

गेल्या रविवारी मी आलो. तेच खळं, नव्याने सारवलेलं. सोन्या तुझ्या बाचंच तारपं वाजवतो, भोपळा तेवढा नवा बसवलाय. रांगेत माणसं कमी होती, बरीच वापीला कामावर. सविता वहिनी उडवीपाशी बसली होती, जिथं तुझी आई बसायची तिथंच. मी नमस्कार केला, तिने मान दुसरीकडे वळवली. मी एक माइक मधे लावला, दुसरा मुद्दाम माणसांच्या बाजूला. एक पोरगी विचारत होती, हे काय, तिला कोणी गप्प करू लागलं, तर मी म्हणालो, बोलू दे तिला. सोन्याने सूर धरला. तो लांब गेला, जवळ आला. काटा खाली गेला, वर आला, मी बटणाला हात लावला नाही. तुझ्या बासारखा दम सोन्याला नाही. दोनदा त्याचा श्वास ऐकू आला. तुला आवडला असता.

आणि मग ऊन उतरलं आणि नेमकं काचेवर आलं. शपथेवर सांगतो लहानू, मी मुद्दाम केलं नाही. हात कामात होता, डोकं तुझ्यात होतं. काटा दिसेना म्हणून मी बसल्या जागी फिरलो, अंगाची सावली पाडली आणि काचेत डोकं घातलं.

"भाऊ! तारप्याला पाठ नको दावू!"

तुझ्या आईचीच जागा, तेच शब्द. आवाज सविताचा. तुझ्या दिवसकार्यापासून ती माझ्याशी बोललेला पहिला शब्द. या वेळी मी पडलो नाही. वयही झालं. मी उठलो, पेटी उचलली, तारप्याकडे तोंड करून बसलो आणि ऊन डोळ्यांत घेतलं. काटा दिसला नाही तर नाही. संपल्यावर वहिनीने चहा पाठवला, स्वतः आणला नाही. कप तोच होता.

ते आज मी दुकानात लावलंय. ती बाई हसली, मग मी तिची रेकॉर्ड काढून हे लावलं. काही कापलेलं नाही. पोरगी विचारते, हे काय. कोणीतरी खोकतं. सोन्या चालत येतो, चालत जातो. कार्डावर मी जाड अक्षरांत लिहिलंय, कोरं करू नये. एक प्रत वहिनीकडे दिलीय. तिने घेतली.

त्यात वहिनीची हाक येते. हाकेनंतर पेटी सरकल्याचा आवाज येतो. त्याच्यापुढे तू हसायचास. तिथं कोणीच हसत नाही, लहानू. तारपं तेवढं चालू आहे, आणि तुझी जागा रिकामी. मी आत्ता चौथ्यांदा तिथपर्यंत आलोय. दर वेळी मी अर्धा सेकंद आधी तुझ्या खुर्चीकडे बघतो.

मिळालं नाही रे. ते मीच पुसलं होतं.